खाशाबांचा गुडघा

आमच्या नालासोपाऱ्याच्या खोलीत देव्हाऱ्याशेजारी एक फोटो टांगलेला आहे. वर्तमानपत्रातून कापून काढलेला, पिवळा पडलेला, काचेत बसवलेला. लहानपणी मी त्याला आमचे आजोबा समजत असे आणि परीक्षेला जाताना देवाबरोबर त्यांनाही नमस्कार करीत असे. ते आजोबा नसून खाशाबा जाधव आहेत, हे मला चौथीत असताना आण्णांनी सांगितले. आण्णा म्हणजे माझे वडील. ते कऱ्हाड तालुक्यातले, तालमीत वाढलेले, आणि गेली तीसहून अधिक वर्षे मशीद बंदरच्या गोदामात माथाडी कामगार. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच; त्यामुळे वार्षिकासाठी लेख लिहायचा म्हटल्यावर साऱ्या चाळीला त्याचे कौतुक! विषय मात्र मला शोधावा लागला नाही. तो गेले वर्षभर माझ्या डाव्या पायात ठणकतो आहे.

खाशाबांचे पदक सर्वांना ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकांत, सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत एक ओळ असते: स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा मल्ल. एवढे पाठ केले की एक गुण मिळतो. पण त्या पदकानंतर चार वर्षांनी त्यांच्या गुडघ्याचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. मीही विचारले नसते. स्वतःचा गुडघा हातात धरून बसायची वेळ आली, तेव्हा त्या काचेतल्या माणसाकडे माझे नीट लक्ष गेले.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. अंगापिंडाने लहान, पण चपळाई अशी की थोराड गडी त्यांच्या हाती सापडे आणि ते मात्र कुणाच्या हाती सापडत नसत. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झाले, पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी हे त्यांचे वस्ताद. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळायची, एका पायावर भार टाकून कंबर फिरवायची आणि त्याला उचलून आपटायचे. हा डाव आण्णांनी मला एकदा घरातच उशीवर करून दाखवला होता. त्यात सगळा भार एका पायावर येतो आणि त्याच पायावर शरीर गर्रकन वळते. हे मी मुद्दाम सांगतो आहे. पुढे त्याचा संबंध येईल.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तोवरची सारी कुस्ती तांबड्या मातीतली. गादीवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांना तिथेच नव्याने शिकावे लागले. तरीही सर्वांत हलक्या, म्हणजे ५२ किलोच्या गटात ते सहावे आले. आजकाल सहाव्या क्रमांकाला कोणी किंमत देत नाही. पण मातीत वाढलेल्या बावीस वर्षांच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने परक्या गादीवर मिळवलेला तो क्रमांक होता.

पुढची चार वर्षे त्यांनी वजन वाढवून ५७ किलोच्या गटाची तयारी केली. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे हवेत, आणि सरकार पुरेसे देईना. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. प्राध्यापक मंडळी हा अंक वाचतात हे मला माहीत आहे, म्हणून येथे अधिक काही बोलत नाही!

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या पोलिक्विनला आणि मेक्सिकोच्या बासुर्तोला हरवले. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशी यांच्याशी. लढत अंगातले सारे बळ शोषून घेणारी झाली आणि खाशाबा हरले. इशींनी पुढे त्या गटाचे सुवर्णपदक घेतले. त्या ऑलिंपिकमधले जपानचे ते एकमेव सुवर्ण. ही कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मम्मदबेयोव्हपुढे उभे राहण्यास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला त्यांच्या बाजूचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा उभे राहिले आणि हरले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांच्या गळ्यात कांस्यपदक पडले.

मी हा प्रसंग अनेकदा वाचला. पूर्वी वाचताना अधिकाऱ्यांचा राग येत असे. आता वाटते, त्या अर्ध्या तासातच त्यांच्या पुढच्या आयुष्याची चुणूक आहे. दमलेल्या खेळाडूसाठी थांबा म्हणणारे कोणीतरी जवळ असावे लागते. स्वतः खेळाडू तसे कधी म्हणत नाही, आणि मैदानात असताना त्याने तसे म्हणूही नये.

परतल्यावर कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी थोड्या वेळात कापले जाणारे ते अंतर, पण मिरवणुकीला गावात पोचायला कित्येक तास लागले. आमच्या पणजोबांची बैलजोडीही त्या मिरवणुकीत होती, असे आण्णा सांगतात. आमच्या घराण्याचा जागतिक क्रीडाक्षेत्राशी आलेला संबंध तेवढाच. मिरवणुकीनंतर खाशाबांनी काय केले, तर कुस्त्यांचे फड भरवले, त्यातून पैसे जमवले आणि खर्डेकरांचे गहाण सोडवले. पदक मिळवलेला माणूस आधी कर्ज फेडतो, हे वाचून मला आमच्याच घरातले कोणीतरी भेटल्यासारखे वाटले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. वय एकोणतीस. पुढल्या वर्षी मेलबर्नचे ऑलिंपिक होते. दोन ऑलिंपिकचा अनुभव गाठीशी, गादीची सवय झालेली. कांस्याचे सोने करण्याची ही वेळ होती. आणि त्याच सुमारास गुडघा गेला. गंभीर दुखापत झाली आणि मेलबर्न हुकले. त्यानंतर ते ऑलिंपिकच्या गादीवर पुन्हा कधी उतरले नाहीत.

चरित्रांत हे सारे एका वाक्यात येते. जन्म, पदक, दुखापत, मृत्यू. मला त्या वाक्यापाशीच थांबायचे आहे.

गेल्या फेब्रुवारीत वसई पश्चिमेच्या एका गावात फुटबॉलची स्पर्धा होती. वसईच्या आमच्या मित्रांना सांगायला नकोच. पश्चिमेच्या वाड्यांमध्ये फुटबॉल म्हणजे काय ते सर्वजण जाणतात. कापणी झालेल्या भाताच्या शेतात मैदान आखलेले, जमीन दगडासारखी आणि मध्येच ढेकळे. मी डाव्या बगलेवरून चेंडू घेऊन धावत होतो. वळण्यासाठी डावा पाय रोवला; पाऊल जमिनीत राहिले आणि वरचा देह वळला. आतून बारीकसा फट् आवाज आला. जवळपास प्रतिस्पर्धी नव्हता, धक्काही नव्हता. रात्री गुडघा नारळाएवढा सुजला. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने एका हाडवैद्याकडे गेलो. त्याने तेल लावून इतके चोळले की माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. तीन आठवड्यांनी सूज उतरली, चालता येऊ लागले आणि मी शहाणा पुन्हा मैदानात उतरलो! पहिल्याच वळणाला गुडघा निसटला. मग मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयात तपासणी झाली. आतला एसीएल नावाचा लिगामेंट पूर्ण तुटला होता आणि सांध्यातली गादीही फाटली होती. जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या मागचा स्नायूबंध काढून तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवला.

खाटेवर पडल्या पडल्या मला प्रश्न पडला की, १९५६ साली असा गुडघा घेऊन एखादा मल्ल मुंबईत कुठे गेला असता?

उत्तर शोधताना बरेच वाचले. त्याकाळी गुडघ्याच्या आत डोकावण्याचे साधन जवळजवळ नव्हते. क्ष-किरणात हाड दिसते, लिगामेंट दिसत नाही. एमआरआय नावाची तपासणी यायला आणखी दोन-अडीच दशके जायची होती. एसीएल तुटला की नाही हे हाताने ओळखण्याची जी पद्धत आज सर्वत्र वापरतात, तिचे वर्णनसुद्धा १९७६ साली प्रसिद्ध झाले. फाटलेली गादी म्हणजे निरुपयोगी चिंधी असे समजून ती बहुधा अख्खी काढून टाकत. बारीक छिद्रातून दुर्बीण घालून गादीचा फाटलेला तेवढाच भाग कापण्याची शस्त्रक्रिया प्रथम टोकियोत मासाकी वातानाबे यांनी १९६२ साली केली. म्हणजे खाशाबांना गादीवर हरवणाऱ्या इशींच्याच देशात, पण सहा वर्षे उशिरा.

आणि शस्त्रक्रियेनंतर? प्लास्टर आणि विश्रांती. आठवडेच्या आठवडे पाय प्लास्टरमध्ये ठेवला की सांधा आखडतो आणि मांडी वाळते. माझा पाय प्लास्टरमध्ये नव्हता, दुसऱ्या दिवशीच मला गुडघा सरळ करायला लावला. तरीही महिन्याभरात डावी मांडी उजवीपेक्षा इतकी बारीक झाली की आईने तोंडाला पदर लावला. वाळलेली मांडी पुन्हा भरून काढण्यासाठी हळूहळू वजन वाढवीत व्यायाम करायचा, ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील डीलॉर्म नावाच्या लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांसाठी रुळवली होती. आपल्याकडे मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुरू झाले, त्यामागे पोलिओच्या साथीचे निमित्त होते. लुळ्या पायांच्या मुलांना उभे करणे हेच त्या काळी त्या विद्येचे मोठे काम. पैलवानाला पुन्हा आखाड्यात उतरवणे ही कोणाच्या यादीत बसणारी गोष्ट नव्हती. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली ती १९६१ साली.

तेव्हा त्या काळच्या पैलवानाला दोनच रस्ते असत. दुखऱ्या पायाने खेळायचे, नाहीतर लंगोट खुंटीला टांगायचा. मेलबर्नला पाठवायला कदाचित पुन्हा वर्गणी जमली असती, पुन्हा कोणी घर गहाण टाकले असते. पाठवण्यासाठी गाव धावून येते. पण बरे होण्याचे नऊ-दहा महिने? त्यात मिरवणूक नाही, फोटो नाही, रोज तोच पाय उचलायचा आणि ठेवायचा. त्यासाठी वर्गणी काढल्याचे मी कुठे वाचलेले नाही.

मेलबर्नच्या त्याच ऑलिंपिकची आमच्या फुटबॉलवाल्यांना वेगळ्या कारणाने आठवण असते. १ डिसेंबर १९५६ रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले आणि त्यातले तीन गोल नेव्हिल डिसूझा या मूळच्या गोव्याच्या, मुंबईत टाटा संघाकडून खेळणाऱ्या खेळाडूने केले. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. फुटबॉलमध्ये त्याहून वर आपण ऑलिंपिकला कधी गेलो नाही. एकाच स्पर्धेत एकाच्या पायांनी इतिहास घडवला आणि दुसऱ्याचा पाय घरी राहिला. दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिताना मला कसेसेच झाले.

आज मोठ्या क्लबांच्या फुटबॉलपटूचा एसीएल तुटला तर त्याच्याभोवती शल्यविशारद, भौतिकोपचारतज्ज्ञ, व्यायामशिक्षक, मानसोपचारतज्ज्ञ असा फौजफाटा उभा राहतो. आधी सूज उतरवायची आणि गुडघा पूर्ण सरळ करायचा, मग मांडीची ताकद, मग सरळ रेषेत धावणे, मग वळणे, उडी मारून एका पायावर उतरणे, त्यानंतर चेंडू, आणि अगदी शेवटी अंगावर येणारा प्रतिस्पर्धी. एक पायरी जमल्याशिवाय दुसरी नाही. दुखऱ्या पायाची ताकद आणि उडी चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के भरली पाहिजे, असा दंडक साधारणपणे पाळतात. एवढे करूनही सारे सुरळीत होतेच असे नाही. युरोपातील अव्वल क्लबांच्या खेळाडूंचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ सर्वजण वर्षभरात मैदानावर परतलेले दिसले. पण तीन वर्षांनी त्याच वरच्या पातळीवर खेळणारे सुमारे ६५ टक्केच उरले होते. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका संशोधनात असे आढळले की, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबवाल, त्यातल्या दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण निम्म्याने उतरते.

ब्राझीलच्या रोनाल्डोचे उदाहरण बोलके आहे. १९९९ साली त्याच्या गुडघ्याचा स्नायूबंध दुखावला, शस्त्रक्रिया झाली, आणि १२ एप्रिल २००० रोजी तो रोमच्या मैदानावर परतला. अवघ्या काही मिनिटांत, कोणी स्पर्श न करता, तो स्नायूबंध पुरता तुटला. मग मात्र कोणी घाई केली नाही. २००२ च्या विश्वचषकात त्याने आठ गोल केले, अंतिम सामन्यातले दोन्ही त्याचेच. खाशाबांना असे दुसऱ्यांदा थांबण्याचे सोडा, पहिल्यांदा थांबण्याचे दिवससुद्धा नव्हते. १९५६ साली ते तिशीचे होते, पुढचे ऑलिंपिक १९६० साली, आणि कमरेला पोलिसाचा पट्टा लागलेला.

पण त्यांचे पुढचे आयुष्य वाया गेले असे मी म्हणणार नाही. ते खात्यातल्या स्पर्धा खेळले, जिंकले. तरुण खेळाडूंना त्यांनी शिकवले. सुमारे सत्तावीस वर्षे नोकरी केली आणि सहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. बढती फार उशिरा मिळाली, निवृत्तिवेतनासाठी झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या वेळी ज्योत घेऊन धावणाऱ्यांत त्यांना मान मिळाला. त्यावेळी ते छप्पन्न वर्षांचे होते. धावताना तो गुडघा दुखला असेल का, असा वेडा प्रश्न मला पडतो. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर दीड तपाने. दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागाराला २०१० साली त्यांचे नाव देण्यात आले. आणि त्यांच्यानंतरचे वैयक्तिक पदक भारताला मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. टेनिसपटू लिएंडर पेसचे कांस्य. मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली.

हे सारे मी एका रविवारी आण्णांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी पायजमा वर केला आणि आपला उजवा गुडघा दाखवला. तो मी जन्मापासून पाहत आलो होतो. जिना उतरताना आण्णा आडवे होऊन उतरतात, याचे कारण मात्र कधी विचारले नव्हते. एकोणिसाव्या वर्षी तालमीत तो गुडघा निसटला होता. वस्तादांनी पट्टा बांधून दिला, आण्णा आणखी दोन जत्रा खेळले, मग उभेच राहता येईना. पुढल्या वर्षी ते मुंबईला आले आणि त्याच गुडघ्यावर त्यांनी तीस वर्षे पोती वाहिली. खाशाबांचा फोटो त्यांनी पदकासाठी लावला असेल असे मी समजत होतो. तसे नव्हते. इतक्या मोठ्या माणसाचाही गुडघा गेला होता, ही गोष्ट त्यांना त्या गोदामात पुरली.

आता माझ्यापुरते. डिसेंबरात आंतरमहाविद्यालयीन सामने आहेत. आमच्या कर्णधाराने पट्टा बांधून निदान उत्तरार्धात तरी उतरावे अशी गळ घातली. तो माझा जिवलग मित्र आहे आणि त्याची अडचण खरी आहे. डाव्या बगलेवर खेळणारा दुसरा कोणी नाही. डिसेंबरात माझे सहा महिने होतील. चालताना मला काही दुखत नाही, धावताही येते, आणि पट्टा बांधल्यावर तर वाटते की काही झालेच नाही. दोन रात्री मला झोप आली नाही.

दर पंधरवड्याला मी रुग्णालयात जातो. विरारहून येणाऱ्या सकाळच्या गाडीत नालासोपाऱ्याला पाय ठेवायलाही जागा नसते. तेव्हा आण्णा माझ्या डाव्या बाजूला उभे राहून गर्दी अंगावर घेतात. त्यासाठी ते त्या दिवसाचा खाडा करतात. तेथील भौतिकोपचाराच्या बाई फरशीवर पट्टी चिकटवून मला एका पायावर लांब उडी मारायला लावतात. गेल्या वेळी उजव्या पायाची उडी १५८ सेंटिमीटर भरली आणि डाव्याची १२८. आण्णा सातवी शिकलेले आहेत, तरी त्यांनी हजेरीच्या डायरीत मागच्या पानावर भागाकार मांडला आणि ८१ लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

संघाच्या यादीत माझे नाव राखीव म्हणूनही घालू नये, असे मी जिमखान्याला लेखी कळवले आहे. कर्णधार चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने मला रेषेबाहेर बसून नवख्या मुलाला डावी बगल शिकवायला सांगितले. तो मुलगा वळताना टाच रोवतो. ती सवय मोडायला अजून तीन आठवडे हातात आहेत. माझी पुढची मोजणी महिनाअखेरीस आहे.

(द्वितीय वर्ष, कला)